सार्वजनिक भिंतीसाठी सिलिकेट रंग: कुठे घ्यावा, कुठे टाळावा

कलादालनातलं चित्र बघायला माणूस आपण होऊन जातो. रस्त्याकडेच्या भिंतीवरचं चित्र मात्र त्याच्या वाटेत उभं असतं, कामावर जाताना, मुलाला शाळेतून आणताना, बसची वाट बघताना. तिकीट नाही, ठरलेली वेळ नाही, दारावर पहारेकरी नाही. शहरातली फार थोडी सुंदर गोष्ट अशी सगळ्यांना सारखी मिळते, म्हणून तिचं मोल मोठं. आणि त्याच कारणाने ती बिघडली की त्रासही सगळ्यांना होतो. तीन वर्षांत चेहऱ्याचे पोपडे निघालेलं भित्तीचित्र त्या वस्तीला रोज सांगत राहतं की उद्घाटनानंतर इकडे कुणी फिरकलं नाही. कोरी भिंत निदान एवढं तरी बोलत नाही.

चित्र असं बिघडण्यात चित्रकाराच्या हाताचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा भिंत आणि रंग यांचं जमलेलं नसतं. म्हणून हे परीक्षण रंगाचं आहे. मुख्य विषय पोटॅशियम सिलिकेटवर आधारलेला खनिज रंग, आणि त्याच्या जोडीला, तुलनेसाठी, अ‍ॅक्रिलिक इमल्शन, स्प्रे आणि कापडावर रंगवून भिंतीला चिकटवायची पद्धत.

सिलिकेट रंगाचं पेटंट अडॉल्फ विल्हेल्म काइम यांनी जर्मनीत १८७८ साली घेतलं. स्वित्झर्लंडमधल्या श्विझ गावच्या टाउन हॉलच्या दर्शनी भिंतीवर १८९१ साली या पद्धतीने केलेली चित्रं आजही बघता येतात. उघड्यावरच्या रंगकामाला यापेक्षा मोठी शिफारस क्वचितच मिळते. मात्र ती वाचून कुणी डोळे झाकून डबे मागवू नयेत. हा रंग एका विशिष्ट प्रकारच्या भिंतीवरच चालतो, आणि ती भिंत नसेल तर तो साध्या इमल्शनपेक्षाही लवकर दगा देतो.

कारण त्याच्या चिकटण्याच्या रीतीत आहे. इमल्शन वाळलं की भिंतीवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा तयार होतो. पापुद्रा भिंतीला धरून असतो, पण तिच्याहून वेगळा राहतो. सिलिकेटमध्ये पापुद्रा बनत नाही. द्रवरूप पोटॅशियम सिलिकेट गिलाव्यात शोषलं जातं, तिथल्या चुन्याशी आणि वाळूशी त्याची रासायनिक प्रक्रिया होते, आणि रंगद्रव्याचे कण गिलाव्यातच दगडासारखे बांधले जातात. पापुद्राच नाही, तर सुटणार काय? शिवाय भिंतीतली वाफ अडत नाही. ओल आत शिरली तरी बाहेर पडायला वाट मिळते, आणि इमल्शनखाली दिसतात तसे फुगे येत नाहीत. पृष्ठभाग पूर्ण मॅट राहतो, त्यामुळे दुपारच्या उन्हातही चित्रावर चकाकी येत नाही आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ते सारखं दिसतं. मोठ्या भिंतीसाठी हा गुण कागदावर वाटतो त्याहून कितीतरी मोलाचा आहे.

आता भिंत ओळखायची कशी. सिलिकेटला उघडा खनिज पृष्ठभाग लागतो: सिमेंटचा किंवा चुन्याचा गिलावा, काँक्रीट, वीट, दगड. जुनं इमल्शन, ऑइल पेंट, जिप्सम, लाकूड, पत्रा यांच्यावर शुद्ध सिलिकेट चालत नाही, कारण प्रक्रिया व्हायला तिथे काहीच नसतं. दिसायला उघड्या वाटणाऱ्या भिंतीच्या छिद्रांत जुन्या रंगाचा अंश राहिलेला असू शकतो. म्हणून भिंतीवर दर दोन मीटरवर पाण्याचा शिंतोडा मारा. पाणी काही सेकंदांत शोषलं गेलं आणि डाग गडद झाला, तर जागा योग्य. थेंब मोत्यासारखा वरच राहिला, तर तिथे अजून रंग, तेल किंवा जलरोधक द्रव्य आहे. हा शिंतोडा एकाच कोपऱ्यात मारून मोकळं होऊ नये. एकाच भिंतीत वरचा भाग कोरा आणि हाताला लागेल एवढ्या उंचीपर्यंतचा भाग दहा वेळा रंगवलेला, असं सर्रास असतं.

मग बोटांच्या पेरांनी किंवा लाकडी मुठीने गिलावा ठोकत जा. भरीव आवाजाच्या मध्येच भद्द आवाज आला की तिथे गिलाव्याने वीट सोडली आहे. खडूने गोल करा. तो भाग फोडून पुन्हा भरल्याशिवाय कोणताही रंग लावण्यात अर्थ नाही. नव्याने भरलेला तुकडा आजूबाजूच्या जुन्या गिलाव्यापेक्षा जास्त शोषतो, त्यामुळे त्यावर रंगाची छटा वेगळी दिसते. त्यासाठी वाळूचा दाणा जुन्याशी जुळवायचा आणि तुकड्यावर आधी पातळ सिलिकेट प्रायमरचा एक हात द्यायचा.

पुट्टीबद्दल स्पष्टच सांगायला हवं. बाहेरच्या भिंतीवर चित्रासाठी गुळगुळीत पाटी हवी म्हणून दोन-तीन मिलिमीटर पुट्टी ओढण्याची सवय हे पोपड्यांचं सर्वांत मोठं कारण आहे. पोपडा उलटा करून बघा, मागे पांढरा थर चिकटलेला दिसेल. रंग पुट्टीला धरूनच असतो, सुटलेली असते पुट्टी. सिलिकेटच्या बाबतीत तर पुट्टीतलं पॉलिमर शोषणच अडवतं. भिंत खरबरीत असेल तर ती खरबरीतच ठेवावी. तीस फुटांवरून बघणाऱ्याला वाळूचा दाणा दिसत नाही.

ओल तपासायला दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून भिंतीवर रात्रभर, निदान १६ तास ठेवा. सकाळी आतून दव जमलेलं दिसलं किंवा खालचा गिलावा काळपट पडला असेल, तर भिंत अजून ओली आहे. पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, दिसला तर तो कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. पाण्यात मीठ विरघळून पुन्हा आत जातं आणि पुढच्या उन्हाळ्यात चित्राच्या मधोमध बाहेर येतं. झाडल्यावर काही आठवडे वाट बघा. लोणा पुन्हा आला तर पाणी अजून येतंच आहे, आणि आधी ते बंद करायला हवं. नव्या गिलाव्याचा क्षार सिलिकेटला बाधत नाही, ही त्याची मोठी सोय. तरी दोन ते चार आठवडे गिलावा वाळू द्यावा. अ‍ॅक्रिलिकसाठी मात्र पूर्ण २८ दिवस थांबणं सक्तीचं समजा.

प्रत्यक्ष काम चित्रकारांना सुरुवातीला अवघड जातं. दोन घटकांच्या शुद्ध प्रकारात रंगद्रव्याची भुकटी बाइंडरमध्ये, म्हणजे रंगाला बांधून ठेवणाऱ्या सिलिकेटच्या द्रवात, आदल्या दिवशी भिजत घालावी लागते. सकाळी बादली चांगली ढवळून घ्यायची आणि काम चालू असतानाही दर थोड्या वेळाने ढवळत राहायचं, कारण जड कण तळाला बसतात आणि शेवटच्या पावशेर रंगाची छटा पहिल्यापेक्षा गडद निघते. एक घटकाचा, थोडं अ‍ॅक्रिलिक मिसळलेला प्रकार वापरायला सोपा. जर्मन मानकानुसार त्यातला सेंद्रिय भाग ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसतो. पहिल्यांदा काम करणाऱ्या चमूने हाच घ्यावा. तिसरा, सोल-सिलिकेट, म्हणजे सिलिकेटमध्ये सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेला प्रकार, घट्ट बसलेल्या जुन्या इमल्शनवरही धरतो. भिंत पूर्ण खरवडणं शक्य नसेल तेव्हा तो उपयोगी, पण खालचं इमल्शन निघालं की तोही निघणार, हे लक्षात ठेवावं.

पातळ करायला पाणी घालू नका. सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात. रंग घट्ट वाटतो, कुणीतरी सवयीने अर्धा तांब्या पाणी ओततं, ब्रश छान सरकतो, त्या दिवशी सगळं उत्तम दिसतं. बाइंडर विरळ झालेला असतो. महिन्याभराने भिंतीवर हात फिरवला की तळव्याला रंगाची पावडर लागते. पातळ करायला त्याच उत्पादकाचं डायल्यूशन, म्हणजे पातळ करायचं खास द्रव्य, वापरावं. दोन हातांमध्ये निदान १२ तास हवेत. भिंतीचं आणि हवेचं तापमान ५ अंशांच्या वर असावं, आणि भर उन्हात तापलेल्या भिंतीवर तर ब्रश टेकवूच नये. तापलेल्या गिलाव्यात पाणी इतक्या वेगाने ओढलं जातं की प्रक्रिया पुरी व्हायच्या आत रंग कोरडा होतो आणि प्रत्येक फटकाऱ्याची कड उठून दिसते. सकाळी पश्चिमेची बाजू, दुपारनंतर पूर्वेची, असा सावलीमागे सरकणारा क्रम लावावा.

प्रमाण सांगायचं तर एका हाताला चौरस मीटरमागे साधारण १२० ते १५० मिलिलिटर लागतात. खरबरीत गिलाव्यावर जास्त. ६० चौरस मीटरच्या भिंतीला दोन हात द्यायचे तर १८ लिटर धरा, वर १० टक्के राखीव. पार्श्वभूमीचा रंग एकाच बॅचचा मागवा किंवा सगळे डबे एका पिंपात एकत्र करून मग वापरा. ओला असताना रंग बराच गडद दिसतो आणि वाळल्यावर उजळतो, त्यामुळे छटा डोळ्यांनी जुळवत बसू नये. त्याच गिलाव्याच्या पाटीवर नमुने काढून, एक दिवस वाळवून, क्रमांक घालून मग भिंतीवर जावं.

आणखी एक. हा रंग तीव्र क्षारीय आहे. काच, अ‍ॅल्युमिनियमची चौकट, चकचकीत टाइल, गाडीची काच यांवर थेंब पडून वाळला तर काच खरवडल्यासारखी पांढरट होते आणि तो डाग कायमचा राहतो. खिडक्या वर्तमानपत्राने झाकून भागत नाही, प्लास्टिक आणि टेप लागते. डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे. लहान मुलांना हौसेने रंगवायला बोलवायच्या कार्यक्रमात हा रंग ठेवू नये.

सिलिकेटची खरी मर्यादा छटांची आहे. क्षार सोसणारी आणि ऊन सोसणारी खनिज रंगद्रव्यंच यात टिकतात: आयर्न ऑक्साइडचे तांबडे, पिवळे, तपकिरी, काळे, क्रोम ऑक्साइडचा हिरवा, कोबाल्टचा निळा, टायटॅनियमचा पांढरा. मातीचे सगळे सूर मिळतात, आकाश मिळतं, झाडी मिळते. झगझगीत गुलाबी, लिंबासारखा पिवळा, फ्लुरोसंट केशरी मिळत नाही. ज्या चित्राचा जीवच त्या रंगांत आहे, त्याला सिलिकेट देऊ नये. पण आराखडा अजून कागदावर असेल तर चित्रकाराला ही पट्टी आधी दाखवा. बंधन कळल्यावर चित्र त्याप्रमाणे रचता येतं. भिंतीवर चढल्यावर कळलं तर तडजोड होते, आणि ती लांबूनही दिसते.

उन्हाचं काय होतं ते बघायला लॉस एंजेलिसमधलं ‘अमेरिका ट्रॉपिकल’ हे भित्तीचित्र पुरेसं आहे. मेक्सिकन चित्रकार डेव्हिड आल्फारो सिकेरोस यांनी १९३२ साली सिमेंटच्या गिलाव्यावर, स्प्रे गन वापरून ते केलं. मधोमध क्रुसावर चढवलेला आदिवासी माणूस, वर अमेरिकी गरुड. भिंतीच्या मालकांना आणि शहरातल्या वजनदार लोकांना ते रुचलं नाही आणि थोड्याच काळात त्यावर पांढरा रंग फासला गेला. पुढे तो पांढरा रंगच उन्हापावसाने झडू लागला आणि खालचा माणूस पुन्हा दिसायला लागला. दीर्घ जतनकामानंतर २०१२ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. मूळ रंग बरेच उडून गेले आहेत, आणि जतन करणाऱ्यांनी ते नव्याने भरले नाहीत. जे उरलं तेवढंच घट्ट धरून ठेवलं. निर्णय योग्यच होता, कारण तिथे दुसऱ्याचा हात आला असता तर चित्र सिकेरोस यांचं राहिलं नसतं. फिकट झालेल्या त्या भिंतीपुढे उभं राहिलं की सार्वजनिक चित्राला इतकी माणसं का घाबरतात, हेही समजतं. संग्रहालयातलं चित्र नावडलं तर माणूस तिकडे फिरकत नाही. चौकातल्या चित्राला टाळायची सोय नसते.

आता अ‍ॅक्रिलिक. शहरातल्या बहुसंख्य भिंती आधीच इमल्शनने रंगवलेल्या असतात, आणि त्यांच्यासाठी हाच प्रामाणिक पर्याय. फक्त ‘एक्स्टीरियर’ एवढं लेबल पुरेसं नाही. शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक आहे का ते विचारा, आणि रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक बघा. पीआर १०१ हा आयर्न ऑक्साइडचा तांबडा, पीवाय ४२ त्याचाच पिवळा, पीबी १५ आणि पीजी ७ हे थॅलो निळा-हिरवा. हे सगळे उन्हात उत्तम टिकतात. पीआर ३ हा स्वस्त झळाळता लाल बाहेर वापरू नये, पांढऱ्यात मिसळून गुलाबी केला तर तो आणखी लवकर उडतो. चित्रकारांच्या ट्यूबवर एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची प्रकाशस्थैर्याची, म्हणजे उन्हात रंग किती टिकतो याची, श्रेणी छापलेली असते, त्यातली फक्त १ आणि २ घ्यावी. टिंटिंग मशीनवर बनवलेल्या गडद लाल-पिवळ्या रंगात झाकण्याची ताकद कमी असते. तिथे चार हात मारण्यापेक्षा खाली आधी राखाडी किंवा त्याच कुळातल्या ऑक्साइडचा एक हात द्यावा.

जुना रंग धरतो की नाही, त्याची चाचणी सोपी. ब्लेडने एकमेकांना छेदणाऱ्या सहा-सहा रेघा मारून बारीक चौकडी करा, त्यावर घट्ट टेप दाबा आणि झटक्यात ओढा. चौकडीतले तुकडे टेपवर आले तर तो रंग तुमच्या चित्राचं ओझं घेणार नाही. खरवडून काढा.

स्प्रेबद्दल थोडक्यात. ४०० मिलिलिटरचा डबा एका हातात साधारण एक ते दोन चौरस मीटर झाकतो, खरबरीत विटेच्या सांध्यांत ब्रशपेक्षा लवकर पोचतो, आणि मऊ छायेसाठी त्याला तोड नाही. वारा असेल तर अर्धा रंग हवेत जातो. साधा कापडी मास्क बाष्प अडवत नाही, कार्बन काडतुसाचा श्वसनमास्क हवा. फ्लुरोसंट डबे उघड्यावर लवकर फिके पडतात. सिलिकेटच्या चित्रावर स्प्रेने बारकावे काढायचा मोह टाळावा, कारण तेवढ्या भागावर पुन्हा पापुद्रा येतो आणि पुढे तोच भाग निघतो.

कापडाची पद्धत मात्र वेगळ्या कारणासाठी मनापासून आवडण्यासारखी आहे. फिलाडेल्फियातला भित्तीचित्रांचा कार्यक्रम १९८४ मध्ये भिंती खरडणाऱ्या तरुणांना वळण लावायच्या मोहिमेतून सुरू झाला. आता त्या शहरात त्याची ४,००० हून अधिक भित्तीचित्रं झाली आहेत. तिथे बरीच चित्रं पाच बाय पाच फुटांच्या, न विणलेल्या पातळ पॉलिएस्टर कापडाच्या तुकड्यांवर रंगवली जातात. आराखडा तुकड्यांवर उतरवायचा, प्रत्येक रंगखणात क्रमांक लिहायचा, मग ते तुकडे शाळेत, वृद्धाश्रमात, अगदी तुरुंगातही नेता येतात. परांचीवर चढू न शकणारी आजीही आपला खण भरते. लॉस एंजेलिसमधलं ‘ग्रेट वॉल’ हे भित्तीचित्र कापडावर नाही, थेट पूरनियंत्रण कालव्याच्या भिंतीवर आहे. पण १९७६ पासून चित्रकार जूडी बाका यांनी शेकडो तरुणांना हाताशी धरून अर्धा मैल लांबीचा इतिहास तिथे रंगवला, तो याच विश्वासाने. ज्याने भिंतीचा चार बोटं तुकडा रंगवला आहे, तो त्या भिंतीवरून हात फिरवून बघतो, आणि कुठे काही निघालं तर सांगायला येतो.

चिकटवताना भिंतीला अ‍ॅक्रिलिक जेलचा भरपूर थर, कापडाच्या पाठीला पातळ थर, आणि मग मधून कडांकडे रबरी पट्टीने हवा बाहेर ढकलत जायचं. नाण्याएवढा फुगा राहिला तरी तो उन्हात फुगतो, रात्री बसतो, आणि महिन्याभरात तळहाताएवढा होतो. दिसला की लगेच ब्लेडने चीर द्या, जेल भरा, दाबा. कडा भिंतीच्या टोकापर्यंत नेऊ नका, इंचभर आतच थांबवा आणि वरून जेलने बंद करा. ओल धरणाऱ्या भिंतीवर ही पद्धत वापरू नये. तिथे कापड पाण्याची पिशवी बनतं.

कोणतीही पद्धत घ्या, पाणी वरून येतं आणि खालूनही येतं. भिंतीच्या माथ्यावर पुढे आलेली कडा आणि तिच्या खालून खाच नसेल, तर पावसाचं पाणी थेट चित्रावरून ओघळतं आणि काळे पट्टे पडतात. ती कडा बसवणं हा चित्राच्या खर्चाचाच भाग धरावा. तळाला एक ते दीड फूट पट्टी साध्या गडद रंगाची ठेवा. उडणारा चिखल, सायकलची हँडलं, झाडू आणि जमिनीतून वर चढणारी ओल ही सगळी तिथेच येते. तेवढी पट्टी दरवर्षी रंगवली तरी चित्राला धक्का लागत नाही. चेहरा, हात किंवा अक्षरं तिथे कधीच आणू नयेत.

वरून पारदर्शक थर द्यावा का? सिलिकेटवर देऊ नये. त्याचा श्वासच बंद होतो. फार तर सिलोक्सेनचं जलरोधक द्रव्य चालतं, जे पापुद्रा करत नाही. अ‍ॅक्रिलिकवर हाताला लागेल एवढ्या उंचीपर्यंत मेणाचा, धुऊन काढता येणारा थर द्यावा. कुणी वर खरडलं तर गरम पाण्याने मेण निघतं, त्याबरोबर ते खरडणंही, आणि मेण पुन्हा लावायचं. दोन घटकांचा पॉलियुरेथेन दिसायला मजबूत, पण भिंतीत ओल असली की त्याखाली दुधाळ डाग येतात, आणि तो काढायचा तर चित्रही जातं.

भिंत कुणाची आणि चित्र कुणाचं, हे काम सुरू व्हायच्या आत कागदावर यायला हवं. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या ‘५पॉइंट्झ’ या इमारतीच्या स्प्रे-चित्रांनी भरलेल्या भिंती २०१३ मध्ये मालकाने एका रात्रीत पांढऱ्या केल्या. २०१८ मध्ये न्यायालयाने ४५ कलाकृतींसाठी ६७.५ लाख डॉलरची भरपाई ठरवली आणि २०२० मध्ये अपिलातही ती कायम राहिली. दिल्लीच्या विज्ञान भवनातून १९७९ मध्ये काढलेल्या, शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या कांस्य भित्तीशिल्पाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली अवशेष परत करण्याचा आणि भरपाईचा आदेश दिला. कलाकृतीची मोडतोड हा कलाकाराच्या हक्काचा भंग आहे, हे त्यातून स्पष्ट झालं. करारात पाच गोष्टी असू द्या: चित्र किती वर्षांसाठी, दुरुस्ती कोण करणार, तिचा निधी कुठून, भिंत पाडायची तर किती दिवस आधी कळवायचं, आणि भिंतीत नळ किंवा वायर टाकायची झाली तर कुणाला विचारायचं. शेवटचं कलम सगळे विसरतात, आणि चित्राच्या मधोमध पाइप येतो तो त्यामुळेच.

एकूण मत असं. भिंत नवी असेल, उघडा सिमेंट किंवा चुन्याचा गिलावा असेल, आराखडा मातीच्या सुरांत बसत असेल आणि चमू एक आठवडा नमुने काढायला तयार असेल, तर सिलिकेटच घ्या. महाग पडतो, पण पुन्हा परांची बांधायचा खर्च वाचतो. भिंतीवर आधीच इमल्शन असेल तर ते टेपच्या चाचणीत पास झाल्यावर शुद्ध अ‍ॅक्रिलिक. वस्तीला हाताशी धरायचं असेल आणि भिंत कोरडी असेल तर कापड. ओली भिंत असेल तर आधी प्लंबर बोलवा.

काम संपल्यावर प्रत्येक रंगाचा अर्धा लिटर, बॅच क्रमांक आणि तारीख लिहून, घट्ट बंद करून ठेवा. शुद्ध सिलिकेट मिसळल्यावर टिकत नाही, म्हणून त्याची भुकटी आणि बाइंडर वेगवेगळे ठेवा. सोबत नमुन्यांची पाटी आणि भिंतीचा खडूने केलेल्या गोलांसकटचा फोटो ठेवा. पावसाचे दिवस संपले की वर्षातून एकदा ती पाटी भिंतीला लावून बघा, आणि जिथे फरक दिसेल तिथे आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, मग डबा उघडा.